कनवटीला खोचलेली नळी

मी एसटीत कंडक्टर होतो. म्हणजे बोलणं हा माझा धंदा, तिकिटं मी मधूनमधून फाडायचो. माजलगाव ते बीड या रस्त्यावर मी इतकं बोललोय, की ते सगळं अंथरलं असतं तर रस्त्याला डांबर लागलं नसतं, आणि खड्डेही पडले नसते. सांगायचा मुद्दा एवढाच, की मी वाढवून सांगतो हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक आहे. तेव्हा माझ्या थोरल्या बहिणीची ही हकिगत वाचताना जे जास्तीचं वाटेल ते खुशाल वजा करा. भीती तेवढी वजा करू नका. ती मी वाढवलेली नाही, जमेल तेवढी दाबूनच लिहिणार आहे.

आक्का माझ्यापेक्षा बरीच मोठी. धरणाच्या फुगवट्याला लागून तिचं गाव. दाजी जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा पुण्याला कारखान्यात, सून घरी तिच्याजवळ. आक्का काय चीज आहे ते एका गोष्टीवरून सांगतो. एकदा तिच्या पायावर विळा पडला. आक्का रडली नाही, ओरडली नाही, तिनं विळ्याला अशा काही शिव्या घातल्या की त्यानंतर त्याला धारच चढली नाही. लोहारानं हात टेकले. म्हणाला, "ह्यो घाबरलाय."

अशी बाई एका सकाळी भाकरीचं ताट न शिवता तशीच बसून राहिली. सुनेनं मला फोन केला.

"मामा, आत्यांच्या पोटात दुखायलंय."

"मग ओवा दे."

"दिला. पर मामा, त्या मला शिव्या देईना झाल्यात."

मी चप्पल घालायच्या आधीच गाडीवर बसलो असेन. आक्का शिव्या देत नाही म्हणजे प्रकरण साधं नव्हतं.

गेलो तर ती भिंतीला टेकून, उजव्या बरगडीखाली हात दाबून बसलेली. अंग भाजत होतं. दुखणं मागं पाठीतून उजव्या खांद्यापर्यंत चढलं होतं. शेजारणी सांगत होत्या, पित्त खवळलंय, लिंबू पाजा. मी बरगडीखाली नुसती दोन बोटं ठेवली तर आक्कानं घेतलेला श्वास अर्ध्यावर अडवला, आणि माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की गेल्या साठ वर्षांत तसं तिनं माझ्याकडं बघितलेलं नव्हतं. ती घाबरली होती.

"चल बीडला."

"न्हाई जायचं. जरासं हाय. जाईल." एवढं म्हणायला तिला दोनदा थांबावं लागलं.

शेजाऱ्याची जीप काढली. रस्ताभर मी एक शब्द बोललो नाही. जीपवाला सारखा आरशातून मागं बघत होता, पेशंट नक्की कोण आहे म्हणून.

बीडच्या दवाखान्यात सोनोग्राफी झाली. डॉक्टर तरुण होते, बोलायला सरळ. मला बाजूला घेऊन म्हणाले, "काका, पित्ताशयात खडे आहेत. एक खडा तोंडाशी अडकलाय. आतलं पित्त बाहेर पडेना, त्यात पू झालाय. पिशवी तट्ट फुगलीय."

"मग कापा."

"हाच तर प्रश्न आहे. एरवी आपण ऑपरेशन करून पिशवीच काढून टाकतो. पण यांना मागं हार्ट अटॅक येऊन गेलाय, हृदयाचं पंपिंग कमी आहे. शुगर वाढलेली, बीपी खाली चाललंय. भूल दिली तर त्या टेबलावरून उठतील याची खात्री भूलवाले डॉक्टर देत नाहीत."

"आणि नाही कापलं तर?"

"फुटू शकते. विष अंगभर पसरतं."

माझ्या पायाखाली फरशी होती याची मी दोनदा खात्री करून घेतली.

"तुमच्याकडं उसात पाणी तुंबलं तर काय करता?" डॉक्टर म्हणाले.

"चारी काढून सोडून देतो."

"तेच करायचं. बरगड्यांमधून, कातडीतून, सोनोग्राफीत बघत बघत एक बारीक नळी यकृतातून थेट पित्ताशयात घालायची. तेवढीच जागा बधिर करून. आतली घाण बाहेर लावलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत पडत राहील. ताप उतरला, जीव तरला, हृदय सावरलं, की मग पुढं ऑपरेशनचं बघू."

मी सही केली. मग भाच्याला फोन लावला. तो पुण्याला कामावर होता.

"मामा, खरं सांगा हां. तुमच्या हिशोबानं न्हाई, खऱ्या हिशोबानं. यायला लागतंय का?"

त्याचं चुकत नव्हतं. मागं आक्काला साधा ताप आला तेव्हा मी त्याला असं काही वर्णन करून सांगितलं होतं, की तो सुट्टी टाकून पोचला तेव्हा आक्का भुईमुगाच्या शेंगा फोडत ओट्यावर बसली होती.

मी म्हणालो, "ये."

"अन् काय झालंय?"

"ये तू."

पलीकडं तो हुंदकेच द्यायला लागला. "मामा, तुमी एवढंच बोलायलाव म्हंजे..." पुढचं त्याला म्हणता आलं नाही.

आक्काला टेबलावर घेतलं तेव्हा तिनं माझं मनगट धरलेलं होतं, ते सोडेना. सिस्टरनं ओढून बघितलं. शेवटी डॉक्टर म्हणाले, राहू द्या काकांना डोक्याशी, फक्त गप्प राहायचं. मला गप्प बसायला सांगणारा तो पहिलाच माणूस, ज्याचं मी ऐकलं.

पडद्यावर काळंपांढरं ढवळलेलं काहीतरी हलत होतं. मधोमध पपईसारखा काळा फुगा.

"त्या टीव्हीत काय दिसायलंय?" आक्कानं विचारलं. आवाज पार खोल गेलेला.

"तुमचं पोट, आजी."

"माझ्या पोटात तुमाला काय बघायचंय? कालपासून चहा बी न्हाई त्यात."

बधिर करायचं इंजेक्शन टोचलं. मग लांब सुई. ती सुई मी तुम्हाला गोफणीच्या दोरीएवढी सांगू शकलो असतो, पण नाही सांगत. माझ्या करंगळीपेक्षा लांब होती आणि एवढं मला पुरेसं होतं. "श्वास धरा आजी," डॉक्टर म्हणाले. आक्कानं धरला. मीही धरला. पडद्यावर एक पांढरी रेघ काळ्या फुग्याकडं सरकत गेली आणि आत घुसली. सुईतून तार, तारेवरून नळी. आत गेल्यावर त्या नळीचं टोक आपोआप गोल वळतं, म्हणजे सहज हिसका बसला तरी ती निसटत नाही, असं त्यांनी नंतर सांगितलं. तेव्हा मला एवढंच दिसलं, की नळीतून गढूळ, हिरवट-तपकिरी, घाण वासाचं काहीतरी सुटलं आणि येतच राहिलं.

आक्काचा हात सैल झाला. "गेली?" मी विचारलं.

"नाही हो," सिस्टर म्हणाली, "त्यांना बरं वाटायलंय."

आक्का हळूच म्हणाली, "डोसक्यावर कावून वाकलास? वारं येऊ दे."

भाचा पोचला तोवर आईचा ताप उतरू लागला होता, आणि आईनं त्याला पहिला प्रश्न केला तो रजा बिनपगारी पडली का हा. चार दिवस थांबून, आई सलाइनवरून भाताच्या पेजेवर आलेली बघून, तो परत गेला.

घरी सोडताना सिस्टरनं सुनेला सगळं शिकवलं. पिशवी कायम पोटाच्या खाली लोंबली पाहिजे. नळी कुठं दुमडू द्यायची नाही, ओढू द्यायची नाही. रोज सकाळी सिरिंजनं थोडं सलाइन नळीत सोडायचं, म्हणजे ती चोंदत नाही. काही आठवडे नळी आतच ठेवायची, कारण कातडीपासून पित्ताशयापर्यंतची वाट पक्की व्हायच्या आधी ती निघाली तर पित्त पोटात सांडतं. मग नळीतून औषध सोडून एक्स-रेचा फोटो काढायचा, हृदय तपासायचं, आणि जमलं तर ऑपरेशन. आणि पिशवीत येणं बंद झालं अन् ताप आला, तर तडक इकडं.

सून शहाणी पोरगी. सगळं पाठ केलं. रोज सकाळी मी माजलगावहून फोन करायचो आणि आक्का कशी आहे हे न विचारता पिशवी कशी आहे हे विचारायचो.

"हाय मामा, पोपटी हाय."

पोपटी, म्हणजे पित्त नीट वाहतंय, म्हटलं की माझा दिवस सरळ जायचा. एकदा ती "जरा पिवळी" म्हणाली, तर मी जेवलो नाही.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. आजारी माणूस दवाखान्यातून घरी आलं की त्याला भेटायला जायचं असतं, आणि एकट्यानं जायचं नसतं. टेम्पो करून जातात. दारात जयभीम होतो, केळी आणि बिस्किटाचे पुडे यांचा ढीग लागतो, आणि मग सगळे मिळून पेशंटला झालेला आजार स्वतःला कसा याहून वाईट झाला होता ते पेशंटलाच सांगतात. माझ्या अंदाजानं त्या दिवशी आक्काच्या दारात अर्धा जिल्हा होता. सून म्हणते बावीस माणसं. असो.

त्या बावीस माणसांत भाया आले होते. भाया म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. आक्का लग्न होऊन त्या घरात आली तेव्हापासून ती भायापुढं कधी डोईवरचा पदर ढळू देऊन बसलेली नाही, पाय पसरून बसलेली नाही, त्यांच्या समोर जेवलेली नाही. आता भाया काठीवर चालतात, त्यांना समोर म्हैस बांधली तरी दिसत नाही. पण त्यांच्या खोकल्याचा आवाज दारात आला आणि आक्का खाटेवरून उठली.

त्यावेळी नक्की काय झालं ते कुणी बघितलं नाही. सून चुलीपुढं, मी टेम्पोतून केळी उतरवून घेत होतो. घरात सगळ्यांना दिसलं ते एवढंच, की आक्का नीटनेटकं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन, भिंतीशी अदबीनं बसली आहे आणि पिशवी कुठं दिसत नाही.

"पिशवी कुठाय?" एका बाईनं विचारलं. भेटायला येणाऱ्यांना ती बघायचीच असते.

"हाय की," आक्का म्हणाली. आणि भायाकडं पाठ वळवून चहाची बशी त्यांच्याकडं सरकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुक्कामालाच होतो. मी विचारायच्या आधी आक्कानं निऱ्यांमागून पिशवी ओढून काढून माझ्यापुढं नाचवली.

"बघ."

पिशवी कोरडी. तळाला काल सकाळचा पिवळा डाग सोडला तर ठणठणीत.

"आत्या, सलाइन सोडायचंय," सून सिरिंज घेऊन आली.

"आता कावून वल्लं करतीस? आतलं सगळं आटलंय. आजार गेला म्हन की."

मला खरं वाटलं, कारण मला ते खरं हवं होतं. मी अंगणात आलो आणि गल्लीला जाहीर केलं, की माझ्या बहिणीच्या पोटातलं विष धरणाच्या कालव्यासारखं आटलं, डॉक्टरला उद्या पत्र लिहून त्याची नळी त्याला परत करणार आहे. दोघांना तर मी, हे खोटं निघालं तर नारायणगडापर्यंत उलटं चालत जाण्याचा शब्दही दिला. सून मात्र दारात उभी राहून हातातली सिरिंज चाळवत होती.

"मामा, फोन लावू का दवाखान्यात? त्यांनी म्हणलं होतं, येणं बंद झालं तर..."

"ताप हाय का?"

"न्हाई."

"मग?"

दुपारी आक्काला हुडहुडी भरली. पहिल्यांदा मला वाटलं खाटेचा पाय डगमगतोय. आक्का दातांवर दात आपटत होती. दोन गोधड्या घातल्या, तिसरी घातली, खाट तरी हलतच होती. आणि तिचा हात पुन्हा उजव्या बरगडीखाली गेला.

अंगणात मी सकाळी बोललेलं सगळं अजून तसंच हवेत होतं असं मला वाटलं. बाहेर जायची लाज वाटायला लागली.

घामानं लुगडं भिजलं म्हणून सून ते सोडवायला गेली, आणि तिथनंच ओरडली. "मामा! इकडं या!"

कनवट म्हणजे कमरेला लुगड्याची घडी पिळून खोचतात ती जागा. आमच्या बायांची सगळी इस्टेट तिथं असते. आक्काच्या कनवटीत आजवर किल्ली, मिसरीची डबी, सुपारी, आणि एकदा तर माझ्या शाळेचा दाखला मी बघितलाय. आता तिच्यातून नळी बाहेर येत होती. भायांसमोर ती पिशवी लोंबती दिसू नये म्हणून आक्कानं पिशवी निऱ्यांमागं सरकवली होती, आणि मधली सगळी नळी घडी घालून, पिळून, कनवटीला घट्ट खोचली होती. काल सकाळपासून. तिथं ठेवलेली वस्तू कधी हरवत नाही, एवढा तिचा त्या जागेवर विश्वास.

सुनेनं घडी सोडवली. नळीवर पांढरी मुडप पडली होती. तिनं ती बोटांनी सरळ केली. आम्ही दोघं पिशवीकडं बघत राहिलो. काही आलं नाही.

"मामा," सून म्हणाली, "जीप."

बीडपर्यंत मी जीपच्या तळाशी बसून होतो, पिशवी आक्काच्या पोटाच्या खाली धरून. खड्डा आला की नळी ओढली जाऊ नये म्हणून मी पिशवीसकट उसळायचो. आक्काचे डोळे मिटलेले. सून तिच्या कानाशी एकसारखी बोलत होती. मी त्या कोरड्या प्लास्टिककडं बघत मनातल्या मनात तिच्याशी सौदे करत होतो. एक थेंब दे. मी खोटं बोलायचं सोडतो. निम्मं सोडतो. अजून रस्ता होता, तेव्हा सगळंच सोडतो म्हणालो.

डॉक्टरांनी आधी सोनोग्राफी लावली. "नळीचं टोक जागेवर आहे," ते म्हणाले. "पण पित्ताशय परत भरलंय. आत घट्ट साका अडकलाय." त्यांनी सिरिंज लावून सलाइन अगदी हळू आत ढकललं. जाईना. थोडं मागं ओढलं. परत हळू. आक्का कण्हली. डॉक्टरांच्या कपाळावर घाम होता, आणि त्यांच्या कपाळावर घाम बघणं हे त्या दिवसातलं सगळ्यात वाईट.

मग नळीत काहीतरी सरकलं. काळपट, गाळासारखं. त्याच्यामागून गढूळ पाणी. ते पिशवीत पडलं, थांबलं, आणि परत पडायला लागलं.

सून खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली.

दोन दिवसांनी ताप उतरल्यावर डॉक्टर राउंडला आले तेव्हा त्यांनी आक्काला विचारलं, "आजी, नळी खोचून कशाला ठेवलीत?"

"भाया आले होते."

डॉक्टर इथलेच. त्यांनी पुढं काही विचारलं नाही. फक्त म्हणाले, "पुढच्या वेळी भाया आले की आधी त्यांना माझ्याकडं पाठवा. तोवर तुम्ही लुगडं सावरा, पण नळी नाही. कोरडी पिशवी कधी चांगली असते, कधी वाईट. ते मी ठरवणार."

"पर लोकांपुढं ते लोंबतं कसं ठेवू?" आक्का म्हणाली. "मेले तरी चालंल, पर तसं नको."

ती हे चिडून म्हणाली नाही, साधेपणानं म्हणाली. म्हणून मला धडकी भरली. मला कळलं, की ही घरी जाऊन परत तेच करणार. दहा डॉक्टर सांगोत, दारात भाया खोकले की हिचा हात कनवटीकडं जाणार.

मी माजलगावला गेलो आणि माळ्यावरून माझी कातडी बॅग काढली. गळ्यातून तिरकी घालायची, कंडक्टरची. निवृत्तीच्या दिवशी डेपोनं मला ती मोठ्या सन्मानानं भेट दिली असं मी सांगत असतो. डेपोत वेगळं सांगतात. चांभाराकडून तिचा पट्टा वाढवून घेतला, म्हणजे ती मांडीपर्यंत खाली लोंबेल. बाजूला नळीपुरतं मोठं, गोल, गुळगुळीत कडेचं भोक पाडून घेतलं. दवाखान्यात नेऊन सिस्टरला दाखवली. तिनं नळी घालून, वाकून, आक्काला उठवून बसवून बघितलं. "नळी कुठं दुमडत नाही," म्हणाली. "चालेल."

आक्कानं बॅग गळ्यात घातली आणि लुगड्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "घंटी कुठाय?"

परवा भाया परत आले. आक्का उठली, पदर घेतला, भिंतीशी बसली. बॅग मांडीशी. भायांनी डोळे बारीक करून बराच वेळ बघितलं.

"हे काय गळ्यात?"

"भावाची हाय," आक्का त्यांच्याकडं न बघता म्हणाली. "सांभाळायला दिलीय."

"बरं," भाया म्हणाले. "सांभाळ."

पुढच्या आठवड्यात औषध सोडून फोटो काढायचा आहे आणि हृदयाची तपासणी आहे. ऑपरेशन होईल की नाही ते त्यावर. डॉक्टर काही सांगत नाहीत, आणि मीही या वेळी माझ्याकडून काही भर घालत नाही. मी रोज सकाळी जातो. आक्काजवळ बसतो, गप्पा मारतो, आणि मधूनच बॅगेचं कातडी झाकण उचलून आत डोकावतो.

"कावून बघायलास सारखा?" आक्का खेकसते.

"पाशिंजर मोजायलोय."

"हायेत का?"

मी परत बघतो. पोपटी आहे. झाकण लावतो.

"हायेत," म्हणतो. "चालू दे गाडी."